शिवणीतली माया

बदलापुरातल्या एका सिनेमागृहाने मला फसवलं. तिकीट पूर्ण सिनेमाचं फाडलं आणि सिनेमा अपुरा दाखवला. त्याच दिवशी सकाळी माझ्या मुलीनेही मला फसवलं होतं, पण ते घरातलं आहे, ते मी घरात बघून घेईन. सिनेमागृहाचं मात्र लिहून ठेवते, कारण तोंडी बोलून काही उपयोग झाला नाही.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात माझा लहान मुलांच्या जीन्स शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन गाळे आणि चौदा मशिनं. सुरुवात अंबरनाथच्या चाळीत धागा कटिंगने केली. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे घरी यायचे आणि आम्ही बायका पँट उलटी करून मांडीवर घ्यायचो, लोंबणारे धागे कापायचो, गठ्ठा परत. काही वर्षं मी पँट सुलटी अशी फारशी पाहिलीच नाही. त्यातून मला खोड लागली ती आजही आहे. वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करते. साडी असो, पर्स असो, भाचीच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या कोटाचं अस्तरसुद्धा मी उचलून बघितलं होतं. बाहेरून सगळेच चांगलं शिवतात.

भाव करण्यात माझा हात कुणी धरत नाही. कापडाचा व्यापारी मला लांबून बघूनच ओरडतो, "आ गई भाभी, अब चाय मँगाओ, दो घंटे गए." मी चिडते लवकर, हेही खरं आहे. पण चिडल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही.

आता एक शब्द सांगावा लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिवणीच्या आत किंवा खालच्या दुमडीत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्या गावाकडे माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा मापाचा. कारखान्यात हा शब्द कुणी वापरत नाही, तिथे मार्जिन म्हणतात. धंद्यात आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की प्रत्येक पँटच्या दुमडीतलं कापड कमी केलं. माझा कटिंग मास्टर तेव्हा म्हणाला, "मैडम, आपका हिसाब अच्छा है. मार्जिन घटाओ, मार्जिन बढ़ाओ." आम्ही दोघंही हसलो होतो.

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, आनंदनगरच्या एका कंपनीत ऑफिसात बसते आणि घरी आली की जपानी कार्टून बघते. तिला कार्टून म्हटलं की राग येतो. मी मुद्दाम म्हणते. तिच्या खांद्यावरून मी ते थोडंफार पाहिलेलं होतं. बशीएवढे डोळे, जांभळे केस, आणि बोलताना फक्त तोंड हलतं. बाकी सगळं माणूस चिकटवल्यासारखं जागच्या जागी.

"हे बघ, कामचोरी," मी तिला दाखवायचे. "चेहरा एकदाच काढला, आणि तोंड तेवढं उघडझाप. माझा कारागीर असं करेल तर मी त्याला उभं करीन का?"

"मम्मी, टीव्हीवरच्या मालिका असतात तशा. दर आठवड्याला एक काढायची असते. त्यांचं बजेट..."

"बजेट मला शिकवू नकोस."

तर त्या शुक्रवारी, आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारीच असते, ती सकाळी म्हणाली, "मम्मी, दुपारी पिक्चरला चल. शिवणकामावर आहे. एका मुलीची गोष्ट आहे, तिची आई वारलेली असते. जगभर बक्षिसं मिळालीत."

"मराठी आहे?"

"हिंदीत डब केलाय."

डब म्हटल्यावर माणूस काय समजेल? साऊथचा. मी तेच समजले. तिने मला तसं समजू दिलं, यालाच मी फसवणं म्हणते.

जाहिराती संपल्या आणि पडद्यावर समुद्र आला. रंगवलेला. मी उठले. तिने मनगट धरलं.

"अर्धा तास बस."

"पाच मिनिटं."

"वीस. मम्मी, प्लीज."

माझ्या हातात समोसा होता. सौदा शेवटी असा ठरला की समोसा संपेपर्यंत मी बसेन. दोन घासांचं काम होतं.

गोष्ट साधी होती. समुद्रकाठचं गाव, तेरा-चौदा वर्षांची मुलगी, घरात ती आणि बाप. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आईने शिवलेला एक निळा कोट आहे, तो आखूड झालाय. थंडी आली आहे आणि नवा घ्यायची ऐपत नाही. मी मनात माझं काम करत होते, म्हणजे चुका काढत होते. एक खोली दाखवली, बराच वेळ काहीच हलेना. मी वाकून माझ्या मुलीला म्हणाले, "बघ, वाचवलं काम." ती म्हणाली, "खिडकीखाली बघ." खिडकीखाली मशिनच्या सुईत ओवलेला दोरा होता, आणि त्याचं मोकळं टोक वाऱ्याने हलत होतं. तेवढंच. आई गेल्यापासून त्या सुईतला दोरा कुणी काढलेला नव्हता, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मग ती मुलगी जमिनीवर बसली आणि तिने कोट उलटा केला.

मी सांगते, मी आजवर कुठल्या सिनेमात कपड्याची आतली बाजू पाहिलेली नाही. खऱ्या माणसांच्या सिनेमातही नाही. इथे ती काढलेली होती, हाताने. अस्तराचा टाका थोडा तिरका, एका जागी दोरा संपला म्हणून दुसऱ्या निळ्याने पुढे शिवलेलं, गाठ आतल्या बाजूला दाबलेली. ज्याने हे काढलं तो कधीतरी असा कोट मांडीवर उलटा घेऊन बसलेला असणार. मुलीने लहान कात्रीने खालची दुमड उसवली. दोरा ओढताना आधी अडकला आणि मग एकदम सुटला, तसाच सुटतो तो. आणि दुमड उघडली तेव्हा आतून बारीक कचरा पडला, दुमडीत साठते ती करडी लव आणि दोन-चार वाळूचे कण. धागा कटिंग करताना हा कचरा रोज माझ्या मांडीवर पडायचा. त्याचं चित्र काढावं असं कुणाला वाटलं असेल, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मग तिने ती माया उलगडली. तीन बोटं रुंद. बाकीचा कोट उन्हाने, धुण्याने फिका पडलेला आणि ही पट्टी नव्यासारखी गडद निळी.

इथे हिंदीवाल्यांनी घोळ घातला. त्या मुलीच्या आवाजात ऐकू आलं, "माँ, इसमें तुम्हारा कितना प्यार छुपा है." मी पडद्याकडेच बघत होते. मुलीचं तोंड मिटलेलं होतं. ती काही बोलतच नव्हती, नुसती पट्टीवरून अंगठा फिरवत होती. तोंड तेवढं हलतं म्हणून मी इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवली, त्यांनी नेमक्या जागी तोंड मिटून ठेवलं होतं, आणि आमच्या लोकांनी त्यात बडबड भरली. मी मोठ्याने म्हणाले, "गप्प बसवा रे तिला." पुढच्या रांगेतले लोक वळले. माझी मुलगी खुर्चीत खाली सरकली.

समोसा हातातच होता, गार होऊन तेल सुटलेलं.

मला ती पट्टी माहीत आहे. गावाला, चामटोलीला, आमची भातशेती होती आणि आई एकच स्कर्ट शिवून घ्यायची, तो तीन-चार वर्षं चालवायची. शिंप्याला बजावायची, "माया भरपूर ठेव, पोरगी वाढती आहे." दर जूनला स्कर्ट उसवायचा, खाली गडद पट्टी निघायची. तिसऱ्या वर्षी तीन रंग दिसायला लागले. वर्गातल्या मुली मला पट्टेवाली म्हणायच्या. "ए पट्टेवाली, बाईंना पाणी आण." आठवीत असताना एक दिवस मी घरी येऊन कात्री घेतली आणि सगळ्या पट्ट्या कापून टाकल्या. स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला, म्हणजे घालायच्या लायकीचाच राहिला नाही. कापलेल्या चिंध्या आईच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाले, "तुझी माया तुझ्याजवळ ठेव."

मी कापडाबद्दल बोलत होते. तिने काय ऐकलं ते तिच्या तोंडावर दिसलं. तिने चिंध्या उचलल्या आणि कंदिलाची काच पुसायला ठेवून दिल्या. त्या कितीतरी दिवस पुरल्या. पुढे मी कमावती झाले, तिला नऊवारी घेतल्या, चष्मा केला, पण त्या वाक्याबद्दल माझं आणि तिचं बोलणं झालं नाही. आता ती नाही.

म्हणून मला एवढंच बघायचं होतं, ती मुलगी तो कोट घालते का. शाळेत तिच्याही वर्गातल्या मुली होत्या, त्याही हसणाऱ्या. शेवटी ती दारात उभी राहिली, कोट हातावर. बाहेरून मुली चालल्या आहेत, त्यांचे आवाज येत आहेत. तिने एक हात बाहीत घातला. पडदा पांढरा झाला आणि नावं सुरू झाली.

आणि दिवे लागले. पडदा बंद. झाडूवाली बाई बादली घेऊन आत आली.

माझी मुलगी ताडकन उभी राहिली. "अजून आहे. नावांनंतर शेवट आहे."

आम्ही बाहेर मॅनेजरला गाठलं, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं. म्हणाला, "मॅडम, पिक्चर संपला. नुसती नावं चालली होती."

"नुसती नावं म्हणजे?" मी म्हणाले. "काम केलेल्या माणसांची नावं ना? मी इतकी वर्षं धागे कापले, माझं नाव कुठल्या लेबलवर आलं नाही. इथे कुणाचं येत होतं, तर तुम्ही बटण दाबलं."

"जपानीत होती, मॅडम. तुम्हाला वाचता आली असती का?"

"तुम्हाला मराठी येतं, तरी तुम्हाला माझं म्हणणं कळतंय का?"

तो म्हणाला, पुढच्या शोची वेळ झाली होती. तो म्हणाला, त्यांच्याकडे हा सिनेमा आज शेवटचाच होता. मग त्याने दोन कोल्ड्रिंक देऊ केली. मग कुठल्याही दुसऱ्या सिनेमाची दोन तिकिटं. मी ज्या माणसाशी बोलते तो दुसऱ्या बोलीला इतका वाढला की तिसरी बोली मीच करते, हा माझा आयुष्याचा नियम आहे. त्या दिवशी मी काहीच घेतलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"मला शेवट पाहिजे," मी म्हणाले. "तुमच्याकडे असलेला. दुसरा काही नको."

"सिस्टमने बंद होतं, मॅडम. आमच्या हातात नसतं."

रिक्षात मुलगी म्हणाली, "मी सांगू का काय होतं? मी वाचलंय."

"नको."

"मोबाईलवर कुणीतरी चोरून टाकलाय. थोडा अंधुक आहे, पण दिसेल."

"त्यात पट्टीचा रंग वेगळा दिसेल का?"

तिने थोडा विचार केला. "नाही बहुतेक."

"मग नको. डुप्लिकेट मालात आयुष्य गेलंय माझं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणजे कार्टून आवडलं."

"कार्टून म्हणू नकोस," मी म्हणाले, आणि ती स्टेशनपर्यंत हसत होती. हसू दे. टीव्हीवरचे ते बशीएवढे डोळे मला आजही आवडत नाहीत आणि मी ते तिला रोज सांगते. चांगलं शिवलेलं ते चांगलं, एवढाच माझा न्याय आहे, मग ते जपानचं असो नाहीतर पाच नंबरचं. कापडवाल्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "भाभी, इस उमर में कार्टून?" त्याला मी दुकानात खुंटीला टांगलेला त्याचाच कोट उलटा करून दाखवला. त्याने चहा मागवला.

मी बदलले वगैरे नाही. माझ्या पँटींची दुमड होती तेवढीच आहे. मास्टरला एकदा विचारलं, "माया ठेवली तर?" तो म्हणाला, "किसकी माया?" मी म्हणाले, काम कर.

त्यानंतर तीन शुक्रवार मी त्या सिनेमागृहात जाऊन आले. तिकीट काढायला नाही, विचारायला. पहिल्यांदा मॅनेजर भेटला, दुसऱ्यांदा तो जेवायला गेला होता, तिसऱ्यांदा तो मला बघून जेवायला गेला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सिस्टम. चौदा मशिनं मी चालवते. एकही मशीन आपणहून थांबत नाही. कुणाचा तरी पाय पॅडलवरून निघतो तेव्हाच ते थांबतं.

तर माझी मागणी लहान आहे. एका दुपारी, रिकाम्या हॉलमध्ये, माझ्या एकटीसाठी ती शेवटची मिनिटं लावा. बाहीत दुसरा हात जातो की नाही, ते मला त्याच पडद्यावर बघायचं आहे. आणि ते जमत नसेल, तर ज्या माणसाने एक हात बाहीत असताना दिवे लावले, त्याने बाहेर यावं, माझ्यासमोर उभं राहावं आणि का लावले ते सांगावं. सिस्टमने नाही. त्याने.