टर्नरअण्णांचं प्रतिज्ञापत्र

टर्नरअण्णा चालताना, बोलताना, अगदी चहाची वाट बघतानासुद्धा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे असत. नवख्या माणसाला वाटावं, कुणी मोठे साहेब तपासणीला आलेत. प्रत्यक्षात ते आमच्या वकीलसाहेबांचे अशील होते, कारखान्यातून काढून टाकलेले, लेथवर लोखंड कातणारे कारागीर, म्हणजे टर्नर. ऑफिसात तीन अण्णांच्या फाइली होत्या, म्हणून हे टर्नरअण्णा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गडहिंग्लजहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरममध्ये कामगारांचे खटले चालवणाऱ्या या वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. कन्नड कामापुरतं येत होतं, पण दिवसभर त्यात बोलून संध्याकाळी जीभ दमून जायची. खोलीवर परतलं की बोलायला भिंतीच. अशात एके दिवशी दारातून, "काय अक्का, मराठी काय तुम्ही?" असं निपाणीच्या हेलात ऐकलं आणि मला चक्क रडू आलं. टर्नरअण्णा बिचारे गडबडून गेले. "मी काय वंगाळ बोललो व्हय?" म्हणून वकीलसाहेबांच्या कारकुनाला विचारायला लागले.

त्यांना काढलं त्याची हकिगत साधी होती. शेजारच्या मशिनवरच्या पोराची तीन बोटं गेली. पोराचाच निष्काळजीपणा, असं कारखान्याचं म्हणणं. भरपाईच्या चौकशीत टर्नरअण्णांनी उभं राहून सांगितलं, की मशिनचं संरक्षक झाकण दोन महिने मोडलेलं होतं आणि ते आपण लेखी कळवलं होतं. पोराला भरपाई मिळाली. पुढं चार महिन्यांत अण्णांवर वरिष्ठांशी उद्धट वागल्याचा आरोप ठेवून त्यांना घरी पाठवलं. लेबर ऑफिसात तडजोडीच्या बैठका झाल्या, त्या फिसकटल्या आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. अण्णांची मागणी एकच होती: "माझं लेथ मला परत द्या."

आता हात बांधण्याचं कारण. कामावरून काढलेल्या माणसाला कोर्टात सांगावं लागतं, की मधल्या काळात आपण दुसरीकडे नोकरी धरलेली नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकीलसाहेबांनी जाता जाता तीन ओळी सांगितल्या. मी नवी, हुशारी दाखवायची हौस दांडगी. कपाटातली एक जुनी फाइल काढली, तिच्यातला मसुदा समोर ठेवला आणि तीनच्या सहा ओळी केल्या. टायपिस्ट मंडळी असंच करतात. साहेबांनी त्यावर नजर फिरवली आणि पुढं सरकवलं. इंग्रजीतला तो कागद मी अण्णांना मराठीत वाचून दाखवला: 'मी कुठेही, कसलंही काम केलेलं नाही आणि निकाल लागेपर्यंत करणार नाही.'

अण्णांनी विचारलं, "कसलंबी?"

"हो. तसंच लिहिलंय."

"सरी, बरं," म्हणाले आणि सही केली.

त्या दिवसापासून त्या माणसानं हत्यार हातात धरलं नाही. एकदा माझ्या टाइपरायटरचा गाडा ओढणारी पट्टी तुटली. दुपारी कोर्टात कागद द्यायचा होता. अण्णा माझ्यामागे उभे राहिले आणि तोंडानं सांगू लागले, "डाव्या अंगाचा स्क्रू पयला. स्वल्प सैल करा, पुरता काढू नका. आता स्प्रिंग धरा. न्हाई, न्हाई, तशी न्हाई!" माझं बोट चेमटलं, मी त्यांच्यावर खेकसले, पाठीमागे त्यांची बोटं नुसती वळवळत होती. त्यांनी दहा मिनिटांत केलं असतं ते काम मी दीड तासात केलं. "तुम्हीच धरा ना जरा," म्हटलं तर म्हणाले, "लिहून दिलंय की अक्का, कोर्टाला." मला त्यांचा भारी अभिमान वाटला. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा रंगवून सांगत असे.

येलहंकाला ते एका खोलीत एकटे राहत. बायको निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि त्यांना खर्चाला पैसे पाठवायची. "गावी जाऊन राहा, तारखेला या," असं मी सुचवलं, पण ते ऐकेनात. तारखेला नाव पुकारलं आणि आपण नसलो तर? मग तारखेच्या दिवशी हे गृहस्थ कोर्टाचा शिपाई यायच्या आधी दारात हजर. कधी कारखान्याचे वकील मुदत मागायचे, कधी साक्षीदार आजारी, एकदा तर न्यायाधीशांची बदली होऊन खुर्चीच कित्येक महिने रिकामी राहिली. अण्णा रिकाम्या खुर्चीसमोरही बसून यायचे. "नवीन तारीख कळाली," म्हणून मला सांगायला यायचे, जणू मुलीचं लग्न ठरलंय.

त्यांच्या गल्लीत एक लहानसं लेथचं वर्कशॉप होतं. मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा अण्णा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं राहून ते चालू मशिन ऐकत होते. बघत नव्हते, डोळे मिटलेले होते. "धार गेलीया त्याची. आवाज बगा की," मला म्हणाले. मालकानं आतून हाक मारली, "बन्नी अण्णा, आत या!" त्यानं कितीदा काम देऊ केलं होतं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली आणि मला घेऊन पुढं निघाले.  

उलटतपासणीच्या दिवशी मी मुद्दाम कोर्टात गेले. कारखान्याचे वकील हसत म्हणाले, "इतकी वर्षं माणूस काहीच न करता जगतो? हवा खाऊन?" अण्णांनी भरल्या कोर्टात सांगितलं, "बायको वखारीत जाती. मी बसून खातोय." आणि खाली बघितलं. खटला त्या वाक्यानं जिंकला असं वकीलसाहेब पुढं म्हणायचे. मला ते वाक्य आजही ऐकवत नाही.

सात वर्षांनी निकाल लागला. मधली वर्षंही नोकरीत धरून कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. अण्णांना निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. आम्ही पेढे वाटले. मी साहेबांना म्हटलं, "आता बिचाऱ्यांना शेजाऱ्याचा नळ तरी दुरुस्त करता येईल." साहेब पेढा तोंडात घालता घालता थांबले. "नळ दुरुस्त करायला कोणी अडवलं होतं? पगारी नोकरी नसली म्हणजे झालं." मी कपाटाकडे बघितलं. माझ्या हुशारीच्या तीन ओळी मला उभी होते तिथूनही वाचता येत होत्या. मी कोणालाच काही बोलले नाही, अण्णांनाही नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी अण्णा ऑफिसात आले. अंगात कारखान्याचा निळा सदरा होता. हात खाली लोंबत होते, कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नसल्यासारखे. लेथ तेच मिळालं होतं. पहिल्या दिवशी एक साधा बुश, म्हणजे धातूचं छोटं नळकांडं, करायला दिला, आतलं भोक बरोबर मापाचं हवं. माप चुकलं. दुसरा केला, तोही चुकला. पंधरा दिवस रोज तेच.

"लई न्हाई हो, कागदाच्या जाडीएवढा फरक," ते म्हणाले. "सायेब चांगला हाय. म्हणाला, चालतंय, वापरू. मी म्हणालो, चालत न्हाई. मी इन्स्पेक्शनला असतो तर फेकून दिला असता. आता स्टोअरात बसा म्हणतोय. अक्का, पुन्हा बसूनच खायचं व्हय?"

त्यांनी राजीनाम्याचा कागद करायला सांगितला. मी दोन ओळी टाइप केल्या, त्यांनी सांगितल्या तेवढ्याच.

निपाणीच्या गाडीवर सोडायला मी एकटीच गेले होते. एक ट्रंक आणि वळकटी, एवढंच सामान. गाडी सुटायला वेळ होता आणि मला ते पोटात ठेवून परत जाणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. जुनी फाइल, जास्तीच्या ओळी, साहेब काय म्हणाले ते. हात चालू ठेवले असते तरी खटला जिंकला असता, हेही सांगितलं. अण्णा खिडकीतून ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस काचा फोडेल. फोडायला हव्या होत्या.

त्यांनी आपले पंजे उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, "तुम्ही वाचून दावलं होतं की. सही माझी हाय."

गाडी हलली. मी ऑफिसात परत आले. त्या शहरात आता मराठीत बोलायला मला कोणी नव्हतं.