एकोणीस नंबरची हजेरी

चौथीत असताना मी पाच-सहा महिने दोन मुलींची हजेरी दिली. एक माझी, आणि दुसरी बसायच्या पट्टीवर माझ्या शेजारी असणाऱ्या मैत्रिणीची. ती शाळेत आली असेल तर तिची ती देणार, नसली की मी. हे मी चांगलं केलं की वाईट, याचा निकाल माझ्या डोक्यात अजून लागलेला नाही. त्यामुळे कोणी मला "खोटं ते खोटंच" असं ठणकावून सांगायला लागलं की माझं टाळकं सरकतं. अहो, तुम्ही बसला होतात का त्या पट्टीवर?

आमचं गाव सायखेड्याच्या बाजूला, गोदावरीपासून दोन शेतं सोडून. शाळेला दोन खोल्या. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मैत्रिणीच्या वडिलांची बिघाभर शेवंती होती. फुलं सकाळच्या गाडीने नाशिकच्या फुलबाजारात जायची, म्हणजे तोडणी उजाडायच्या आत सुरू व्हायची. ती घरातली थोरली, तिच्या पाठीवर दोन लहान. हंगामात ती शाळेत अकरा वाजता यायची, बोटं हिरवी घेऊन, नाहीतर यायचीच नाही.

तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. ज्याची महिन्याची हजेरी भरेल त्याला घरी न्यायला तीन किलो तांदूळ मिळायचा. हजेरी कमी पडली की तांदूळ नाही. तिच्या वडिलांनी एकदा माझ्या देखत सांगितलं होतं, "तांदूळ येतो हाय तोवर जाऊ दे तिला. तांदूळ बंद, शाळा बंद." माणूस वाईट नव्हता, पण बोलला की बोलला. म्हणजे तिच्या गैरहजेरीत मी तोंड उघडलं नाही तर तिची शाळा सुटणार, इतकं साधं गणित मला नवव्या वर्षी येत होतं. बाकीची गणितं मात्र यायची नाहीत.

आणि ही काही माझी एकटीची हुशारी नव्हती, आख्ख्या वर्गाची रीत होती. कुणाचे कांदे लावायचे असत, कुणाचा द्राक्षाचा बाग छाटायचा असे. जो नसेल त्याचा शेजारी "हजर" म्हणायचा. पण गुरुजींचा कान फार तिखट. मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणायचे, "काय रे, तुझा आवाज आज दोनदा कसा ऐकू आला?" की आम्ही महिनाभर गप्प.

त्या वर्षी पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. ते पहिलीच्या पोरांसाठी होतं, पण तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेले गुरुजी म्हणाले, चौथीच्या पोरांनी काय पाप केलंय? आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी इंग्रजीत. नावं बंद, नुसते नंबर. ते म्हणायचे "एटीन", मी म्हणायचे "येस सर". ते म्हणायचे "नाइन्टीन", मैत्रीण म्हणायची "येस सर". मला इंग्रजीत तेवढे दोनच आकडे येत होते. सतराला काय म्हणतात ते मला पाचवीत गेल्यावर कळलं. पण गंमत अशी झाली की "हजर गुरुजी" प्रत्येक जण आपापल्या आवाजात म्हणायचा, आणि "येस सर" मात्र सगळे सारखंच म्हणायला लागले, गुरुजींनी शिकवलं तसं, नाकातून. गुरुजींचा तिखट कान त्या दिवशी गेला. त्या वर्षी आमच्या वर्गाची हजेरी अशी भरली की बाईंनी पेढे मागितले.

मग पौषात चौथीची सहल ठरली. पांडवलेणी आणि सोमेश्वर. गाडी म्हणजे फुलांचाच टेम्पो, खाली गोणपाट अंथरून. सहा वाजता शाळेपाशी जमायचं होतं. धुकं असं की समोरच्याचं तोंड दिसेना. सगळ्यांनी शाली, मफलर, आईच्या जुन्या साड्या डोक्यावरून गुंडाळलेल्या. आम्ही आत दाटीवाटीने बसलो, पुऱ्यांचा वास आणि शेवंतीचा वास एकत्र येत होता. गुरुजींनी टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी उभं राहून हजेरी घेतली. "एटीन." येस सर. "नाइन्टीन."

त्या गोंगाटात "येस सर" आलं नाही. आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

मी शपथेवर सांगते, मी विचार केला नव्हता. ती शेजारी आहे की नाही हे पाहिलंसुद्धा नाही. इतक्या महिन्यांची सवय, नंबर ऐकला की जीभ हलायची. फाळका लागला, टेम्पो निघाला, आणि आम्ही ओरडत, गाणी म्हणत नाशिकला पोचलो. आता तुम्ही विचाराल, मैत्रीण नाही हे लक्षात कसं आलं नाही? आलं होतं, अर्धवट. मला वाटलं, ती पलीकडे बसली असेल. मग वाटलं, आली नसेल. मग वाटलं, पण हजेरी तर लागली. पुढे लेणी आली आणि मी विसरले.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पोरं शेळ्यांसारखी पांगली. गुरुजी बोटाने मोजायचे, एकदा पंचवीस यायचे, एकदा सत्तावीस. आम्ही सव्वीस. वर गेल्यावर त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की ही लेणी पांडवांची नाहीत, इथे बुद्धाचे भिक्खू राहायचे. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "मला माहीत हाय, आजीने सांगितलंय." बाकी आम्ही सगळे गोंधळलो. मग पांडव कुठे राहायचे? मग नाव असं का? गुरुजी म्हणाले, नाव लोकांनी दिलं. म्हणजे लोक म्हणतात म्हणून एखादी गोष्ट असते, आणि असतही नाही. ते मला झेपलं नाही, मी पुरी खाल्ली.

दुपारी सोमेश्वरला नदीकाठी जेवायला बसलो. पंगत सरळ असते, त्यामुळे मोजणी चुकत नाही. गुरुजींनी मोजलं, पंचवीस. पुन्हा मोजलं, पंचवीस. त्यांनी पिशवीतून हजेरीचा कागद काढला आणि एकेक नंबर घ्यायला लागले. या वेळी मान वर होती.

"नाइन्टीन."

माझ्या तोंडात बटाट्याची भाजी होती.

"नाइन्टीन कुठंय?" गुरुजी म्हणाले. मग इंग्रजी सोडून त्यांनी तिचं नाव घेतलं. पंगतीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

"सकाळी होती ना ती? तिला शेवटचं कोणी पाहिलं?"

आणि इथून जे सुरू झालं त्याने माझं डोकं फिरायची वेळ आली. एक जण म्हणाला, लेण्यांवर होती, खांबामागे लपली होती. एक मुलगी म्हणाली, तिची चप्पल तुटली होती, ती हातात घेऊन चालत होती. दुसरा म्हणाला, मी तिला आत्ता पाण्याकडे जाताना पाहिलं. कोणी खोटं बोलत नव्हतं बरं का. त्यांना खरंच दिसत होती. आणि ऐकता ऐकता मलाही दिसायला लागली, लाल रिबीन, हातात चप्पल. मी हजेरी दिली म्हणजे ती आली असणार. आली असेल तर बुडाली असणार. नसेल आली तर मी चोर. दोन्हीकडून माझाच जीव जात होता.

गुरुजींनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि ते पाण्यात उतरले. कुणाची तरी काठी घेऊन खडकांच्या मधे मधे खुपसत होते. आम्हाला इंग्रजी शिकवणारा, कडक इस्त्रीचा माणूस, कमरेपर्यंत ओला. वर आले तेव्हा काठी तशीच हातात होती. टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणाले, "चौकीवर जाऊ. तिच्या बापाला मी काय सांगू?"

मला काय कळत होतं ते आधी सांगते. मी बोलले तर आतापर्यंतची हजेरी उघडी पडणार, तिचा तांदूळ जाणार, तिची शाळा जाणार. हे मला स्वच्छ माहीत होतं. पण गुरुजींची ती दशा मला बघवेना. मी उठले आणि म्हणाले, "गुरुजी, ती आलीच नाही. सकाळी मीच येस सर म्हणाले."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "नक्की?"

आणि काय सांगू, मला नक्की माहीत नव्हतं. आत्ता सगळे म्हणाले होते ना, चप्पल तुटली होती म्हणून. मी म्हणाले, "माहीत नाही."

मारलं असतं तर बरं झालं असतं. ते तसेच निघाले, देवळाजवळच्या एसटीडी बूथवर गेले. गावात एकच फोन, किराणा दुकानात. दुकानदाराने माणूस मळ्यात पाठवला, म्हणाला दहा मिनिटांनी पुन्हा लावा. ती दहा मिनिटं गुरुजी बूथच्या पायरीवर बसून होते, पँटमधून पाणी गळत होतं, आणि आम्ही पंचवीस जण समोर उभे. दुसऱ्यांदा फोन लावला. ऐकलं, "बरं" म्हणाले, ठेवला. मग तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "घरी आहे. जा, जेवून घ्या." आम्ही जेवलो. त्यांनी काही खाल्लं नाही.

सोमवारी हजेरी मराठीत झाली, नाव घेऊन, एकेकाचं तोंड बघून. मला वेगळी शिक्षा झाली नाही. मैत्रीण त्या दिवशी आली होती, पण माझ्याशी बोलली नाही, पट्टीवर सरकून बसली. त्या महिन्यात तिची हजेरी भरली नाही. पुढच्याही नाही. तांदूळ थांबला. होळीच्या आसपास तिचं येणं बंद झालं. गुरुजी तिच्या मळ्यावर दोनदा गेले, हे मला आईकडून कळलं. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले. आई म्हणायची, तू बरोबर केलंस, गुरुजी नोकरीला मुकले असते. वर्गातली पोरं म्हणायची, तू चुगली केलीस. मला दोघांचंही पटायचं, आणि त्याचाच वैताग यायचा. पुढे मी पाचवीला सायखेड्याला जायला लागले, सायकलवर तिच्या मळ्यासमोरून. ती वाकून तोडत असायची. मान वर करायची नाही, किंवा मीच थांबायचे नाही. नक्की कोणतं, तेही आता सांगता येत नाही.

आठ-नऊ वर्षांनी मी नाशिकला कॉलेजात होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात गेले, तर ती समोर. झेंडूच्या ढिगामागे बसलेली, कडेवर मूल. माझ्या आधी तिनेच ओळखलं.

"काय ग, लय बारीक झाली. जेवू घालत नाय का कॉलेजात?"

हसली, मला गोणपाटावर जागा करून दिली. इतकी मोकळी बोलली की मला रडू यायला लागलं. माझ्या पोटात इतकी वर्षं साठलेलं मी एका दमात बाहेर काढलं. म्हणाले, "माझ्यामुळे तुझा तांदूळ गेला. शाळा गेली. मी तेव्हा बोलायला नको होतं."

ती गिऱ्हाईकाला फुलं तोलून देत होती. तराजू खाली ठेवला.

"तांदळाचं काय घेऊन बसली ग? पाचवीला सायखेड्याला कोण पाठवणार होतं मला? शाळा सुटायचीच होती."

"मग तू बोलत का नव्हतीस माझ्याशी?"

तिने मुलाचं नाक पुसलं. मग म्हणाली, "मी आलते ना त्या दिवशी."

मला कळेना. म्हणाले, "कुठे?"

"शाळेपाशी. रात्री तीनला उठून तोडणी उरकली व्हती मी. आदल्या दिवशी गुरुजी मळ्यात आलते, वडलांना म्हणले, पोरगी आल्याबिगर गाडी हलवत नाय. मी पळत आले, दशम्या घेऊन. वळणापाशी व्हते. टेम्पो उभा दिसत व्हता, गुरुजींचा आवाजपण ऐकू येत व्हता. मी हाका मारल्या, पण तुम्ही पोरं गोंधळ घालू राह्यले व्हते. माझा नंबर घेतला त्यांनी. तुझा आवाज मी ओळखला."

समोर कुणीतरी भाव विचारत होतं. तिने दोन बोटं दाखवली, तिकडे बघितलंही नाही.

"तू नुसती गप बसली असती ना," ती म्हणाली, "तरी मी गेले असते सहलीला."