टिळ्याचा मान

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी यंत्रांना टिळा लावायला कुंकू कालवलं की त्याच्या वासाबरोबर मला शेजारच्या सुनंदावहिनीचं बोट आठवतं.

तेव्हा आम्ही यांच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पूजेच्या आदल्या दिवशी यांनी हौसेनं जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टम टाकायला घेतली आणि तो अर्ध्यातच अडकला. काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. वहिनी जवळच्या सुपेल्यात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. ती पूजेच्या दिवशी सकाळीच आली, आमचे लग्नाचे फोटो आधी सीडीवर उतरवून घेतले आणि म्हणाली, "भाऊजी, मेमरी कमी आहे. नवी सिस्टम झेपून नाही राहिली याले. जुनीच टाकते पुन्हा."

हे तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. मी ठेवलेला चहा दोघांपुढं निवून गेला.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मी पूजेचं ताट घेऊन उभीच होते. यांनी ते माझ्या हातून घेऊन तिच्यापुढं धरलं. "टिळा तुम्हीच लावा वहिनी. आमच्या प्लांटमध्ये मशीन ज्यानं चालू केली, टिळा त्याचाच."

माझं ताट, मी कालवलेलं कुंकू, आणि बोट तिचं! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी हट्टानं सगळं शिकले. परवा आमचा जुना लॅपटॉप तसाच अडकला, तर मीच त्यातलं सगळं पुसून, सिस्टम टाकून पुन्हा उभा केला. आज पूजेला यांनी ताट माझ्यापुढं धरलं. "लाव तू."

टिळा लावून मी वर पाहिलं. हे मोबाइल बघत होते.

तिनं लावला तेव्हा किती हसले होते!