चार इंजिनांचं विमान

माझे नीलकंठकाका आयुष्यात एकदाही विमानात बसले नाहीत. समुद्रही त्यांनी कधी पाहिला नाही. तरी एका विमान कंपनीची सगळी जाहिरात त्यांच्या हातची होती, आणि त्याच जाहिरातीनं पुढं त्यांची झोप उडवली.

कंपनीचं नाव नीलद्वीप एअरवेज. महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेली दोन डकोटा विमानं घेऊन कुणा हौशी माणसानं ती कलकत्त्यात सुरू केली होती. विमानं बेटांवर टपाल, औषधं आणि मन घट्ट केलेले प्रवासी न्यायची. मालकाच्या मेहुण्याचा छापखाना जबलपुरात, आमच्या कांचघर मोहल्ल्यात होता, म्हणून कॅलेंडरं तिथं छापली जात आणि चित्रं काका काढत. पहिलं चित्र गेल्यावर मालकाचं पत्र आलं : चित्र झकास आहे, पण इंजिनं चार दाखवा, खाली एवढं पाणी बघून लोक दोन इंजिनांना भितात. काकांनी मुकाट्यानं चार केली. पाच वर्षं, पाच कॅलेंडरं. दर वेळी निळं पाणी, नारळाची झाडं आणि चार इंजिनं. त्रेपन्न साली विमान कंपन्या सरकारच्या झाल्या, त्या धामधुमीत ही आपोआप मिटली.

काका मग दारूगोळ्याच्या कारखान्यात पेंटर म्हणून लागले. पेट्यांवर आकडे घालायचे, दारांवर ‘सावधान’ लिहायचं. त्यांचे धाकटे भाऊ शशिकांत, म्हणजे माझे बाबा, त्याच कारखान्यात भरणी विभागात होते. तोफगोळ्यांत दारू भरायची, अशा कामाचा तो विभाग. काकांना त्या विभागाचं नावही ऐकवत नसे.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. शत्रूचं विमान जबलपूरपर्यंत पोचेल का, हे कुणी विचारत नव्हतं. भीती तेवढी पोचली होती. खिडक्यांना काळे कागद लागले, मैदानात खंदक खणले गेले आणि कारखान्याच्या गच्चीवर टेहळणीला माणूस बसला. भोंगा झाला की सगळ्यांनी हातचं टाकून खंदकात पळायचं. पहिल्याच सरावात भरणीतल्या एकाच्या हातून गोळा सुटला होता. रिकामा होता म्हणून निभावलं.

टेहळणीवाल्यासाठी कारखान्याच्या साहेबांनी काकांकडून एक फलक करून घेतला. आपली विमानं डावीकडे, शत्रूची उजवीकडे. डावीकडे नसेल असं काहीही दिसलं तर भोंगा. लढाऊ विमानांचे नमुने वरून आले होते. सामान नेणाऱ्या आपल्या डकोटाचा नमुना तेवढा नव्हता. साहेब म्हणाले, “वो तो तुम बरसों बनाते रहे हो.” काकांनी ते डोळे मिटूनही काढलं असतं. काढलंही तसंच.

आठवड्यानं वर्तमानपत्रात डकोटाचा फोटो आला. इंजिनं दोन. फलकावर होती चार. काका जेवत होते, हात ताटातच राहिला.

“काहून जेवून नाही राहिले?” वसुधाकाकूंनी विचारलं.

“काही नाही,” काका म्हणाले आणि उठले.

साहेबांना सांगावं तर कोण विश्वास ठेवणार? लढाईच्या दिवसांत चुकीचा फलक काढला म्हणजे हेरच म्हणतील. नुसत्या रेडिओच्या उंच तारेपायी गल्लीतल्या एकाला दोन दिवस चौकीत बसवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत काकांनी चार दिवस घालवले. मला काकांचा राग येतो तो या चार दिवसांसाठी. एवढा मोठा माणूस, पण तोंड उघडायची वेळ आली की गोगलगाय!

पाचव्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांना घाईनं एक ‘स्वागतम्’ची पाटी लिहायला सांगितली. दहाच्या सुमाराला लष्कराचे बडे अधिकारी विमानानं येणार होते. “डकोटा से. किसी को बोलना नहीं, छतवाले को भी नहीं. गुप्त है.”

काका ब्रश टाकून पळाले. गच्चीच्या शिडीपाशी आले तेव्हा घरघर ऐकू यायला लागली होती. वर मुरलीधर होता, अग्निशामक दलाचा माणूस, नियमाला पक्का. तो एकदा फलकाकडे बघे, एकदा आभाळाकडे.

“मुरलीधर भैया, अपना ही है! भोंगा मत बजाना!”

“फलक में नहीं है!” म्हणत मुरलीधरनं भोंग्याचा दांडा धरला.

समोरच भरणी विभागाचं दार होतं. आत बाबा. अंगणात दीडदोनशे माणसं माना वर करून उभी, त्यांतच साहेबही. काकांनी सगळ्यांसमोर, असेल नसेल तेवढा आवाज काढून सांगितलं, “फलक गलत है! मैंने बनाया, मैंने झूठा बनाया! इंजन दो ही होते हैं! बजाओ मत, मेरा भाई अंदर है!”

मुरलीधर थांबला. विमान डोक्यावरून खाली उतरत गेलं.

काकांना आठ दिवस रोज चौकशीला बोलावणं होतं. छापखान्यातून विमान कंपनीच्या मालकाचं जुनं पत्र निघालं म्हणून नोकरी वाचली, पण ब्रश गेला. निवृत्त होईपर्यंत ते पत्रे घासत राहिले. लोक त्यांना ‘चार इंजिन’ म्हणत, आणि ते हसून ओ देत.

विमान आलं त्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले. हकीकत त्यांना फाटकावरच कळली होती. काका भिंतीला टेकून बसले होते. बाबा त्यांच्यापाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “दादा, तू ओरडून राहिला होता, तेव्हा माझ्या हातात काय होतं माहीत आहे?”

काकांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबलं. “नको सांगू, शशी. कधीच नको सांगू.”

काका त्यानंतर एकतीस वर्षं जगले. बाबांनी सांगितलं नाही.