चोरस्विच

आमच्या गाडीची किल्ली सासऱ्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असायची. "कुठं? कशाला? कधी येशील?" हे तीन प्रश्न झाले की मगच त्यांचा हात खिशात जायचा. माझी आई मनमाडला एकटी राहते. आमच्या निफाडहून फार लांब नाही. लायसन्स माझ्याकडे, नवरा पुण्यात नोकरीला, गाडी दारात, आणि मी मात्र ओट्यावर उभी राहून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुळवत असायची.

त्यात सासऱ्यांचा अंगठा दुखायला लागला. जन्मभर द्राक्षाच्या छाटणीची कात्री चालवलेला हात तो, किल्ली फिरवताना कळ यायची. मी संधी साधली. म्हटलं, "बाबा, बटण बसवून घेऊ. दाबलं की गाडी चालू. किल्लीची भानगडच नको." ते चक्क हो म्हणाले. त्या दिवशी मी इतकी खूश होते, की त्यांना आवडतं म्हणून न सांगता वांग्याचं भरीत केलं.

नाशिकला द्वारकेजवळच्या मिस्त्रीने किल्लीचं कुलूप उपटून काढलं आणि शेजारी गोल बटण बसवलं. मी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. इंजिन लगेच घुरघुरलं. कोणाला काही विचारायचं नाही, संपलं!

तेवढ्यात मिस्त्री सासऱ्यांना म्हणाला, "काका, आता ही कुणीबी चालू करंल. चोरस्विच टाकून देऊ का? लपलेला राहतो. तो दाबल्याबिगर बटण कामच करत नाय."

आमच्याकडे ट्रॅक्टरलाही चोरस्विच आहे. त्याची जागा फक्त मालकाला ठाऊक. आता मिस्त्रीला काय सांगणार, की ते 'कुणीबी' म्हणजे मीच? सासरे म्हणाले, "टाक. लय बरं होईल." मग माझ्याकडे वळून, "पोरी, समोरून चहा सांग बरं." मी चहा सांगून आले तोवर स्विच बसला होता. माझी हुशारी माझ्याच अंगाशी आली.

पुढच्याच आठवड्यात आईचा फोन आला. ताप उतरत नव्हता. सासरे बागेत होते. मी गाडीत बसून बटण दाबलं. दिवा लागला, इंजिन गप्प. पुन्हा दाबलं. डॅशबोर्डखाली, पायपुसण्याखाली, सगळीकडे चाचपलं. रागाने रडू आलं. शेवटी बागेत पळत गेले. सासरे सावकाश आले, मला लांब उभं करून हात आत घातला आणि म्हणाले, "विचारायचं की. नाही म्हटलंय का मी कधी?"

खरंच, कधीच नाही म्हटलं नव्हतं. म्हणून तर कोणाकडे तक्रारही करता येत नव्हती.

महिन्याभराने गाडी पुसताना तो स्विच माझ्या बोटाला लागला. ड्रायव्हरच्या सीटच्या कव्हरखाली, अगदी हाताशी. पण मी वापरला की त्यांना कळणार, आणि ते दुसरीकडे बसवून घेणार. म्हणून मी तो आईच्या एखाद्या वाईट रात्रीसाठी राखून ठेवलाय. तोवर मनमाडला जायचं असलं की विचारते. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. ते गाडीचं दार उघडून आत वाकतात, आणि आता कोणी सांगायच्या आधीच मी तोंड फिरवून उभी राहते.