मास्तरांनी माझा हॅकर मारला

आमच्या मास्तरांना दया ठाऊक नव्हती. शाळेत असेल, काठावरच्या पोरांना ते गणितात हात द्यायचे असं ऐकून आहे. पण रविवारी दुपारी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या त्यांच्या घरी फासे बाहेर आले, की समोरचा संपला.

खेळाला लागायचं काय, तर कागद, पेन्सिल, फासे आणि पुढच्या शतकातली सुरत. मास्तर गोष्ट सांगायचे, आम्ही त्यातली पात्रं व्हायचो. मी हॅकर, नाव झिंग्या. डोक्यात वायर खुपसून मिलमालकांच्या कॉम्प्युटरांत शिरायचं. आत राखणीला मारेकरी प्रोग्राम. त्यांचे नियम मास्तरांना रामरक्षेसारखे पाठ. एका कुलपापायी एवढे फासे पडायचे, की बाकीचे खमण संपवून डुलक्या काढायचे. वहिनींच्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नींच्या, वाट्याला बंदूकधारी अंगरक्षक बाई आली होती, ती दाराशी ताटकळत असायची. "मी उभीच शे ना? मंग कुकर लाई येस," म्हणून वहिनी उठायच्या.

एक नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर होता. हॅकरने आपली खरी ओळख सांगायची नाही. प्रोग्रामला ती कळली, की तो वायरीवरून थेट मेंदूत. त्यात मास्तरांचा स्वतःचा कायदा, "तोंडातून निघालं ते घडलं." मग जीभ चावून उपयोग नसे.

निवृत्त होऊन मास्तर कायमचे धुळ्याला निघाले. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी झिंग्या सर्वांत मोठ्या तिजोरीशी पोचला. कित्येक वर्षं मी त्याला जपून जगवला होता. माझंच गाव, माझेच वडील त्याला दिले होते. आज तरी मास्तर सांभाळून घेतील, अशी सगळ्यांची खात्री. निरोपाचं श्रीखंडही आणलेलं. तेवढ्यात मारेकरी प्रोग्राम आला, म्हाताऱ्याच्या आवाजात, अहिराणी बोलत.

"कोना पोऱ्या शे रे भाऊ तू?"

आता खानदेशी माणसाला परमुलखात कोणी असं मायेनं विचारल्यावर तो काय खोटं बोलणार? मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वर कोणत्या गल्लीतला तेही सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, जाताजाता तरी सोडा ना त्याले!"

"नियम शे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत फासा ताटलीत टाकला. झिंग्या मेला. त्याचा शेवट त्यांनी सावकाश सांगितला, काही न गाळता, आणि सांगताना त्यांचाच आवाज कापरा झाला. चाळिशीतल्या बँक कारकुनाला कागदावरच्या माणसासाठी रडणं शोभत नाही. मी चारचौघांत रडलो.

"नवा मानूस तयार कर. दिवाईले येस मी," बस सुटताना ते म्हणाले.

दिवाळीआधीच वहिनींचा फोन आला. मास्तर झोपेतच गेले. आमच्यातल्या एकालाही त्यांनी असं सुखाने मरू दिलं नव्हतं.

हल्ली आमचा खेळ दुसरे एक गृहस्थ चालवतात. फार सज्जन. चूक झाली, की "चालेल, पुन्हा टाका" म्हणतात. माझ्या नव्या हॅकरला अजून साधा ओरखडा उठलेला नाही. रविवार आला, की मला मास्तरांची फार आठवण येते.