आबांचा शड्डू

काल जुना कीबोर्ड पुसताना त्याचं चेपलेलं बटण बोटाला लागलं आणि मलकापूरचं घर आठवलं. कॉलेजात शिकत शिकत मी पहिला गेम लिहिला होता: दोघांच्या दोन फळ्या, मधे चेंडू. फौजेतून रिटायर झालेले माझे वडील, आबा, समोर बसले. चेंडू त्यांच्या फळीतून आरपार गेला.

"मी आडवला हुता! तुजा गेम लबाड हाय."

तेव्हा रागच आला. आता हसू येतं, कारण कोड उघडला तर चेंडू अडला का, हे मी फक्त माझ्याच फळीसाठी तपासत होते! दोन ओळी वाढवल्या. आबांनी बटण चेपेस्तोवर दाबलं, चेंडू टणकन उलटला आणि मी हरले. त्यांनी मांडीवर शड्डू ठोकला.

मी त्यांच्याहून जोरात ठोकला.

"आगं, हारलीस की तू!"

"आवं आबा, पण गेम कुनाचा हाय?"